भात खाणाऱ्यांनी पाव का करू नये?

‘याकिताते!! जापान’ या पाव भाजण्याच्या स्पर्धांवरच्या जपानी मांगाचं, म्हणजे चित्रकथामालिकेचं, नाव काढलं की एक शेरा हमखास ऐकू येतो: भातखाऊ देशाने पावाची बढाई मारायची, गरम हातांच्या भाकडकथा सांगायच्या आणि एका घासात माणसं स्वर्गात धाडायची, कशाला वाचायचं? ताकाशी हाशिगुचींची ही मालिका २००२ ते २००७ चालली. खंड २६. मी सगळे वाचलेत, शेवटचे काही कुरकुरत.

आधी भाताचं बघू. हा आक्षेप मालिका स्वतःच सुरुवातीला घेते. नायक आझुमाचं घर निइगातात, म्हणजे तांदळाच्याच मुलखात. आजोबांना न्याहारीला भातच लागतो, बहिणीला पाव हवा. त्या कुरबुरीतूनच पोराचा हट्ट: इंग्लंडचा पाव आहे, फ्रान्सचा आहे, जर्मनीचा आहे, मग जपानचा का नसावा? नावातली कोटीही तीच, कारण जपानीत पावाला ‘पान’ म्हणतात. शब्द पोर्तुगिजांचा, आपला ‘पाव’ ज्या शब्दावरून आला तोच.

आणि जपानचा पाव खरोखर आहे. किमुरा यासुबेईने १८७४ मध्ये गोड डाळीचं सारण भरलेला ‘अनपान’ काढला, तोही साके या तांदळाच्या दारूसाठी वापरतात तसल्या तांदळाच्या आंबवणावर फुगवून. गोव्याचे पोदेर, म्हणजे पाववाले, पीठ माडाच्या सुरेवर फुगवत, तसलाच हा जुगाड. पुढच्याच वर्षी तो सम्राट मेइजींच्या पानात गेला. महायुद्धानंतर तर शाळेच्या जेवणात पावच असे; भाताला तिथे रीतसर जागा मिळाली १९७६ मध्ये. म्हणजे ‘भातखाऊ’ देशाच्या एका अख्ख्या पिढीचं शाळेतलं जेवण पावावर झालं. स्पर्धेचं म्हणाल तर मालिका सुरू झाली त्याच २००२ साली पॅरिसच्या बेकरी विश्वचषकात जपानचा संघ पहिला आला, २०१२ मध्ये पुन्हा.

आता ते ‘सूर्याचे हात’. आझुमाचे हात उबदार, म्हणून त्याचं पीठ लवकर फुगतं. अतिशयोक्ती आहेच, पण थोतांड नाही. यीस्ट उबेत जोमाने वाढतं. साध्या पावाचं मळलेलं पीठ २७-२८ अंशांच्या आसपास असावं म्हणून बेकर थर्मामीटर खुपसून बघतात आणि थंडीत पाणी कोमट घेतात. हिवाळ्यात इडलीचं पीठ उबेला ठेवणाऱ्या घरात हे वेगळं सांगायला नको. फक्त हाच गुण क्रोसाँच्या, म्हणजे लोण्याच्या पापुद्र्यांच्या पावाच्या, वेळी उलटतो: लोणी वितळलं की पापुद्रे गेले. तिथे थंड हाताचाच कारागीर बरा.

राहिल्या त्या स्वर्गवाऱ्या. परीक्षक पाव चाखतो आणि काहीतरी अचाट घडतं. त्यातल्या कितीतरी प्रसंगांमागे शब्दांवरची कोटी असते. भाषांतरात कोटी गळते आणि उरतो नुसता आचरटपणा. पु.लं.च्या कोट्या इंग्रजीत नेऊन बघा, म्हणजे कळेल.

एक मात्र कबूल. कथेतल्या मोनॅको चषक या स्पर्धेनंतरची स्पर्धा फार लांबली आहे. तिथे पाव मागे पडतो आणि विनोदच सगळं गिळतो. तेवढ्यापुरता मी नाकं मुरडणाऱ्यांच्या बाजूचा. मोनॅकोपाशी पुस्तक मिटलंत तरी माझी हरकत नाही.