आमचं वाचनालय पुरेसं जुनं नाही आणि पुरेसं गरीबही नाही

वाचनालयाच्या दुरुस्तीसाठी अनुदान मागितलं होतं. चौदा महिने थांबवून आज सकाळी अनुदानवाल्यांचा तीन ओळींचा मेल आला. आपला अर्ज निकषांत बसत नाही, शुभेच्छा, आणि खाली ‘या मेलला उत्तर पाठवू नये’. उत्तर पाठवू नये म्हणे! मग इथेच बोंब मारतो. त्यांच्या दारात जाऊन बसलो असतो, पण कार्यालय अकराव्या मजल्यावर आणि खाली गेटपासच मिळत नाही.

मी मुंबईत डिलाईल रोडवरच्या एका छोट्या वाचनालयाचा चिटणीस. तळमजला, वर एक माळा, मंगलोरी कौलं, सागवानी जिना, दारावरच्या कमानीत १९२८ कोरलेलं. गिरणी कामगारांनी पगारातून आणे-दोन आणे बाजूला काढून बांधलेली इमारत. रात्रपाळी सुटली की माणूस आधी इथे पेपर वाचत टेकायचा, कारण घरी त्याच्या झोपायच्या जागेवर अजून दुसराच कुणी झोपलेला असायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मग धान्यवाटपाच्या याद्या इथल्याच टेबलावर झाल्या. माझे वडील लिहायला बसायचे. आता त्याच टेबलावर आसपासच्या चाळींतली पोरं-पोरी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. घरी दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही, आजी आणि धाकटी भावंडं सगळं एकदम चालू असतं. आणि जूनपासून त्या टेबलाच्या मधोमध आम्ही बादली ठेवतो.

तर निकष. पहिला प्रश्न: इमारत वारसा यादीत आहे का, असल्यास श्रेणी कोणती? मुंबईचे वारसा नियम १९९५ चे. देशात पहिले म्हणून आपण मिरवतो, आणि मिरवावं असंच ते काम आहे. पण यादी करणाऱ्यांचे पाय गिरणगावाच्या गल्ल्यांत किती वळले ते गल्ल्यांनाच विचारा. ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसा झाल्या. मला त्याचा आनंदच आहे, पाव्हणे आले की मीच त्यांना तिकडे फिरवून आणतो. पण ज्यांच्या घामातून या शहरात तेवढा पैसा जमला, ती माणसं जिथे बसून पेपर वाचायची ती जागा ‘ऐतिहासिक’ नाही. का, तर तिला घुमट नाही. श्रेणी नाही, म्हणून वारशाचं अनुदान नाही.

बरं, मग गरिबीच्या दाराने जाऊ. दुसऱ्या एका संस्थेकडे ‘वंचित वस्ती’ म्हणून अर्ज केला. त्यांनी पिनकोड बघितला. ४०००१३! लोअर परळ! इथे तर आलिशान टॉवर आहेत, मॉल आहे, हजार रुपयांची कॉफी आहे. (हजार नसेल, मी आत गेलेलो नाही.) अहो, ते टॉवर ज्या जमिनीवर उभे आहेत तिथल्या गिरण्यांत आमचेच बाप मेले की! टॉवरवाला आणि त्याच्या गाड्या धुणारा एकाच पिनकोडात राहतात, म्हणून सरासरीने दोघंही श्रीमंत. सरासरी! म्हणजे शेजाऱ्याने पुरणपोळी खाल्ली की ढेकर मी द्यायचा.

तिसरं दार कंपन्यांच्या सीएसआरचं, म्हणजे त्यांनी नफ्यातून समाजकार्याला द्यायच्या पैशाचं. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक इमारतींचं जतन आहे, सार्वजनिक वाचनालय उभारणंही आहे. वाचून मी उड्या मारल्या. पण एका कंपनीतल्या साहेबांनी फोनवर शांतपणे समजावलं, ‘काका, कायद्यात उभारणं म्हटलंय, तुमचं तर आधीच उभं आहे.’ मी म्हटलं, साहेब, अजून दोन पावसाळे थांबा, मग उभं राहणार नाही, तेव्हा द्या. त्यांना तो विनोद वाटला.

कागदांचं तर बोलूच नका. करसवलतीची १२ए आणि ८०जी, सरकारच्या दर्पण पोर्टलवरचा संस्थेचा क्रमांक, सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी, तीन वर्षांचं ऑडिट, सगळं जमवलं. पोर्टलला प्रत्येक फाइल ५ एमबीच्या आत हवी. आमचा भाडेपट्टा जुन्या जाड कागदावर हाताने लिहिलेला, स्कॅन केला तर ४० एमबी, आणि दाबून लहान केला तर अक्षर जातं. मग पोर्टल विचारतं, ‘अस्पष्ट आहे, पुन्हा जोडा’. संस्थेची घटना मराठीत आहे म्हणून तिचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर मागितलं. मुंबईत! विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. दोन विश्वस्त वारले, आम्ही मुदतीत अर्ज दिला. निकाल अजून लागलेला नाही, त्यामुळे कागदोपत्री ते दोघं जिवंत आहेत आणि त्यांच्या सह्या हव्या आहेत. शिवाय जमीनमालकाचं नाहरकत पत्र. जमीन होती गिरणीची. गिरणी बंद, कंपनी विकली, घेणारी दुसरीत विलीन. नाहरकत द्यायला कुणी उरलेलं नाही, आणि हरकत घ्यायलाही नाही, पण ही दुसरी गोष्ट कुणी ऐकून घेत नाही.

आणि खरा संताप पुढे आहे. पैसे मागायला आधी पैसे लागतात. स्ट्रक्चरल ऑडिट जोडा. वारसा-जतन जाणणाऱ्या आर्किटेक्टचा सविस्तर अहवाल जोडा. मोजणीची ड्रॉइंग जोडा. आम्ही वर्गणी काढून हे केलं. महिना वीस रुपये भरणाऱ्या सभासदांकडून, हे ध्यानात घ्या. ती रक्कम आज कौलांवर घातली असती तर निम्मं छप्पर झालं असतं. एवढं करून अनुदानाची अट अशी की काम आधी तुमच्या पैशाने करा, बिलं लावा, मग आम्ही परत देऊ. आमच्याकडे पैसे असते तर तुमच्याकडे कशाला आलो असतो हो?

अहवाल मात्र फुकट गेला नाही, भिंत का फुगलीय ते एकदाचं कळलं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणा दात्याने मोठ्या मनाने सिमेंटचा गिलावा करून दिला होता. जुनी वीट चुन्यात बांधलेली, ती ओल घेते आणि चुन्यातून बाहेर सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, क्षार फुटतात, विटेचा भुगा होतो. आर्किटेक्टबाईंनी भिंतीला नख लावून दाखवलं, लाल पीठ हातात आलं. आता सगळं सिमेंट खरवडून पुन्हा चुना करायचा. चुना आठवडेच्या आठवडे भिजवायचा, चुन्याच्या घाण्यात मळायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी. हे करणारे गवंडी बोटावर मोजण्याएवढे आणि मजुरी त्याप्रमाणे. अर्जात मी हे सगळं लिहिलं. तिकडून शेरा आला: ‘दर बाजारभावापेक्षा जास्त, सिमेंटचा पर्याय विचारात घ्यावा.’ वारसा जतन करायला निघालेल्या माणसांचा शेरा आहे हा!

मुलाखतीला ऑनलाइन एक पोरगी होती, गोड होती बिचारी, माझ्या नातीएवढी. तिने विचारलं, ‘सर, तुमचा इम्पॅक्ट तुम्ही कसा मोजता?’ मी म्हटलं, बाळ, रोज संध्याकाळी सात वाजता खुर्च्या कमी पडतात. ती म्हणाली, ‘हो, पण एक्सेलमध्ये?’

काल रात्री जोरात कोसळला. आम्ही चौघांनी कपाटं माळ्यावरून खाली घेतली, जुन्या अंकांचे गठ्ठे कमानीखाली कोरड्यात रचले आणि अभ्यासाच्या पोरांनी कौलांवर ताडपत्री ओढून दोऱ्या बांधल्या. ताडपत्री साडेचार हजारांना पडली. पावती पक्की घेतलीय, जीएसटीसकट. पुढच्या फॉर्मला लागेल.