मोरीतली रामरक्षा

काका,

(काका म्हणतोय, कारण तुम्हीच लिहिलंय की पंच्याहत्तरी उलटली आणि सदाशिव पेठेतल्या घरात रोजची पूजा कधी चुकली नाही.)

‘पूजेत मन लागत नाही म्हणून देव वडिलांच्या आंघोळीत सापडला म्हणायचं, ही शुद्ध पळवाट. वडिलांचं करणं हे कर्तव्यच. तीच उपासना म्हणून दाखवायची, म्हणजे एकच पावती दोन खात्यांत जमा. आणि पुंडलिकाच्या विटेवर स्वतःच चढून उभे राहू नका.’ ही माझ्या गेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया. पावतीवर आधी हसलो. मग दोन दिवस उत्तर सुचलं नाही.

पुंडलिकाबद्दल तुमचं बरोबर आहे. त्याला मी उगाच ओढून आणला. दारात कोण आलंय हे त्याला कळलं होतं, म्हणून तर ‘जरा थांब’ म्हणत वीट पुढे केली. माझ्या दारात सकाळी कडीला अडकवलेली फुलपुडी असते, बस.

पण पूजा सोडली असं मी कुठे लिहिलंय? बाबांना कंपवात झाल्यापासून, म्हणजे ४ वर्षं, देवघर माझ्याकडे आहे. बदली कामगार म्हणा. सहाणेवर खोड फिरवत असतो आणि डोक्यात सोसायटीचा मेन्टेनन्स. बाळकृष्णाला ताम्हणात घेतला की आठवतं, गॅसचा नंबर लावायचा राहिला. बाबा कॉटवरून ओरडतात, ‘अरे, तुळस आधी धुऊन घे!’ त्यांना तिथून माझं मन दिसत नाही, तुळस बरोबर दिसते.

अभ्यासाने, म्हणजे सरावाने, जमेल असंही म्हणता. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाचीही हीच तक्रार आहे, मन आवरणं म्हणजे वारा आवरण्यासारखं. कृष्णाने त्यावर अभ्यास सांगितला, पण वैराग्यही सांगितलं. तुम्ही मला अर्धंच औषध लिहून दिलंत! असो.

आता आंघोळीचं. गेल्या लेखात ते मी घाईने उरकलं आणि गैरसमजाला जागा ठेवली, हा माझा दोष. बाबांना मोरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवतो. एक हात कायम त्यांच्या खांद्यावर, कारण तोल जातो. दुसऱ्या हाताने डोक्यावर तांब्या, मग कपाळ, मग डोळ्यांच्या कडा. त्या दिवशी कानामागे बोट फिरवत होतो आणि तोंडातून आपोआप निघालं, ‘विश्वामित्रप्रियः श्रुती’. मी थांबलो. मग लक्षात आलं, की रामरक्षेतलं कवच डोक्यापासून पायांपर्यंत याच क्रमाने उतरतं, आणि माझा हातही तसाच उतरत होता. ३८ श्लोक लहानपणी दिवेलागणीला घोकलेत, पण ते कुणाच्या तरी अंगाबद्दल आहेत हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. गुडघ्यांपाशी ‘जानुनी सेतुकृत्’. गुडघे राखायला सेतू बांधणाराच का बोलावला असेल? बाबांचे गुडघे धरून त्यांना उठवताना कुणालाही कळेल. पावलांपर्यंत आलो तेव्हा बाबांचे ओठ हलत होते. थंडीने की पाठ म्हणत होते, विचारलं नाही. ते एवढंच म्हणाले, ‘पाणी गार झालंय.’

तेवढी १०-१२ मिनिटं माझं मन कुठे गेलं नाही. मेन्टेनन्स नाही, गॅस नाही. मी लिहिलं ते या मिनिटांबद्दल. तुमच्या पावतीचंच बोलायचं, तर मी ती कुठल्याच खात्यात भरलेली नाही. ती हातात आली, आणि कुणी दिली हे कळेना म्हणून लेख लिहिला.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम तसंच करून पाहिलं, डोक्यापासून, म्हणत म्हणत. काही झालं नाही. साबण बाबांच्या डोळ्यांत गेला आणि त्यांनी शिवी दिली.

तेव्हा पळवाट म्हणालात तर फार भांडणार नाही. मात्र पळून मी देवघरातच जातो, रोज पावणेआठला, आणि रोज तसाच परत येतो.

उद्या गुरुवार, आमच्याकडे पाणी बंद. आत्ताच भरून ठेवलंय: देवांना एक तांब्या, बाबांना दीड बादली.