माझाच जुना मेसेज फिरतोय, तो चुकीचा आहे

मंडळी, रास्पबेरी पाय ५ या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर होम असिस्टंट, म्हणजे घरातली लाईट-मोटर चालवायचं सॉफ्टवेअर, चालतच नाही, पाय ४ च घ्या, असा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपवर फिरतोय बघा, तो मीच लिहिला होता आणि तो चुकीचा आहे. झालं काय, पाय ४ मधलं मेमरी कार्ड काढून तसंच पाय ५ मध्ये घातलं, चालू झालं नाही, आणि मी बोर्डालाच दोष दिला. खरं म्हणजे दोन्ही बोर्डांची इमेज, म्हणजे कार्डावर टाकायची सिस्टिमची फाईल, वेगवेगळी असते. पाय ५ आला 2023 मध्ये, आणि होम असिस्टंट ओएस (त्याची ऑपरेटिंग सिस्टिम) आवृत्ती 12 पासून, म्हणजे 2024 च्या सुरुवातीपासून, त्याला अधिकृत सपोर्ट आहे. मी पाय ५ ची इमेज नव्या कार्डावर टाकली, जुना बॅकअप रिस्टोअर केला आणि आता टाकीची मोटर, लाईटी सगळं त्याच्यावरच चालू आहे.

अ‍ॅडॅप्टर तेवढा 5 अँपिअरचा, 27 वॉटचा घ्या. 3 अँपिअरवरही चालतो, पण यूएसबीला 600 मिलिअँपिअरच मिळतात, मग हार्डडिस्क लावली की अडचण येते. आणि आपल्याकडे पावसात लाईट सारखी जाते, कार्ड त्यानं खराब होऊ शकतं, त्यामुळं बॅकअप दुसरीकडं ठेवाच.

माझ्यामुळं कुणी जुना बोर्ड घेतला असेल तर मनापासून माफी मागतो. तो मेसेज पुढं पाठवू नका, पाठवला असेल तिथं हा टाका.