छाती दाबायला डॉक्टर लागत नाही

चालता-बोलता माणूस कोसळला की गर्दी जमायला वेळ लागत नाही. एक जण तोंडावर पाणी मारतो, दुसरा तळपाय चोळतो, एखादा महाभाग व्हिडिओ काढतो आणि बाकीचे ‘कोणी डॉक्टर आहे का?’ म्हणून ओरडत राहतात. पण ज्याचं हृदय थांबलंय त्याच्यासाठी पहिली काही मिनिटं डॉक्टर म्हणजे शेजारी उभा असलेला माणूसच.

इथे बरेच जण गल्लत करतात. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. माणूस सहसा शुद्धीवर असतो, बोलतो. त्याची छाती दाबायची नसते, त्याला ताबडतोब दवाखान्यात पोचवायचं असतं. कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये मात्र रक्त पुढे ढकलणंच बंद पडतं. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते आणि कोणी काहीच केलं नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घटते. अ‍ॅम्ब्युलन्स यायला किती वेळ लागतो, तुम्हीच हिशेब करा.

सगळ्यात फसवे असतात ते आचके. हृदय थांबल्यावरही माणूस मध्येच घशातून आवाज काढत श्वास ओढतो, आणि लोक ‘श्वास चालू आहे’ म्हणून हात आखडतात. हाकेला ओ नाही, श्वास नेहमीसारखा नाही, एवढं पुरे. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागा : मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला 100 ते 120 वेळा, दर वेळी पूर्ण वर येऊ देऊन. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबत राहा. लहान मूल किंवा बुडालेला माणूस असेल तर श्वासही द्यावे लागतात.

फासळी मोडेल ही भीती खरी आहे, मोडतेही कधी कधी. मोडलेली फासळी जुळते. बाईच्या छातीला हात कसा लावायचा, हा संकोचही जिवावर बेततो, आणि त्याबद्दल आपण बोलतसुद्धा नाही.

1960 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून छाती दाबण्याची ही पद्धत, म्हणजेच सीपीआर, जगापुढे आली तेव्हा तिच्या तीन कर्त्यांपैकी विल्यम कूवेनहोवन हे विद्युत अभियंते होते! यासाठी फक्त दोन हात लागतात, असं तेव्हाच त्यांनी लिहून ठेवलं होतं. डेन्मार्कने 2005 मध्ये शाळांत हे शिकवणं सक्तीचं केलं, नंतर वाहन परवान्यालाही जोडलं. 2001 मध्ये तिथे पाचातल्या एखाद्यालाच रस्त्यावर-घरात सीपीआर मिळत होता. 2010 पर्यंत हे प्रमाण 45 टक्क्यांच्या आसपास गेलं आणि वाचणारे जवळपास तिपटीने वाढले. श्रेय एकट्या शाळांचं नाही, हे मान्य.

आणि ‘रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी मी कशाला शिकू’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, हृदय बंद पडण्याचे बहुतेक प्रसंग घरातच घडतात.

व्हिडिओ पाहून माहिती मिळते, पण पाच सेंटिमीटरला किती जोर लागतो हे सरावाच्या पुतळ्यावर दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही. दोन मिनिटांत दम लागतो. म्हणून घरातल्या एकट्याने शिकून भागत नाही, हात बदलायला दुसरा लागतोच.