बदलीच्या गावाला पुन्हा जाताना घ्यावयाची काळजी

वडील रेंजर, तहसीलदार, फौजदार, डॉक्टर किंवा मास्तर होते आणि तुमचं बालपण ऑर्डर निघेल तिकडे गेलं, तर पन्नाशीच्या आसपास एक दिवस ती सगळी गावं गाडीनं फिरून यावीत असं वाटणारच. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी एक पिवळट फोटो टाकतो, ‘ते दिवस!’ एवढंच लिहितो आणि दोन दिवसांत सुट्टीचा अर्ज पडतो. हे थांबवता येत नाही. निदान सहल तरी रीतसर व्हावी म्हणून या सूचना.

पहिली सूचना: निघण्यापूर्वी वडिलांची जुनी फाईल उघडू नये. तिच्यात बदली रद्द करण्याचे विनंती अर्ज असतात. आईच्या संधिवाताचं सिव्हिल सर्जनचं सर्टिफिकेट असतं, आमदारांचं शिफारसपत्र असतं आणि ‘मुलांच्या शिक्षणाची आबाळ होत आहे’ असं वाक्य प्रत्येक अर्जात असतं. त्यातलं आबाळ होणारं मूल म्हणजे तुम्ही. तीन वर्षांतली अडीच वर्षं अख्खं घर तिथून सुटायच्या खटपटीत होतं, हे एकदा वाचलं की ‘स्वर्ग होता हो स्वर्ग’ म्हणताना जीभ अडखळते. पुढे २००२ मध्ये सरकारनं आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात टिकून राहणाऱ्यांना ‘एकस्तर’ म्हणजे वरच्या पदाची वेतनश्रेणी देऊ केली. स्वर्गात राहायला माणसं मिळावीत म्हणून पगार वाढवावा लागतो, याचा फार विचार करू नका.

आता मार्ग आखू. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा जिल्हा प्रमाण मानू नका, तो बहुधा बदललेला असतो. दाखल्यावर चंद्रपूर असेल आणि गाव सिरोंचा, अहेरी किंवा एटापल्ली असेल, तर २६ ऑगस्ट १९८२ पासून तो गडचिरोली आहे. धडगावचं धुळे १ जुलै १९९८ ला सुटलं, आता नंदुरबार. शिवाय तालुक्याचं कागदोपत्री नाव अक्राणी, त्यामुळे सरकारी यादीत ‘ध’मध्ये शोधत बसाल. जव्हार-मोखाडा १ ऑगस्ट २०१४ पासून ठाण्यात नाहीत, पालघरमध्ये आहेत. नदीपलीकडचं तर राज्यच बदललंय. सिरोंच्याहून गोदावरीपार दिसायचं ते आंध्र २ जून २०१४ पासून तेलंगण आहे, आणि भामरागडकडून इंद्रावतीपलीकडचं मध्य प्रदेश १ नोव्हेंबर २००० पासून छत्तीसगड. काही गावं जागेवरच नाहीत. मेळघाटातली कोहा, कुंड, बोरी ही गावं व्याघ्र प्रकल्पासाठी उठली, नर्मदेकाठचं मणिबेली सरदार सरोवराच्या पाण्यात गेलं. अशा वेळी उपग्रहाच्या नकाशात हिरवा किंवा निळा रंग मोठा करून बघत बसू नका. उठलेल्या माणसांचं पुनर्वसन कुठे झालं ते विचारा, गावाची आठवण ती घेऊन गेली आहेत. पण तिथे जाल तर वडाचं झाड मिळणार नाही, जमिनीच्या पट्ट्याची तक्रार मिळेल. फोटोसाठी झाडच बरं.

हंगाम. आठवणीत कायम पावसाळा असतो, म्हणून पावसाळ्यातच जावं असं मन घेतं. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा अशा तीन नद्या एकत्र येतात. पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेलं की तालुका तुटायचा, पुढे चार-चार दिवस तुटलेलाच. तुमच्या लेखी याचा अर्थ शाळेला सुट्टी, कंदील आणि आईच्या हातची भजी. त्याच पाण्याच्या अलीकडे कोणीतरी बाळंतपण अडलेल्या बाईला खाटेवर घालून उभं असायचं, पलीकडे जीप उभी असायची आणि पाणी उतरायची वाट बघणं हाच उपचार होता. हे तुम्हाला आठवत नाही, कारण सरकारी क्वार्टर उंचावर असतात. तेव्हा पावसाळ्याचा हट्ट सोडून नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडा. मोहाचा वास हवा असेल तर मार्चअखेर ते एप्रिल, मात्र तो वास पहाटे येतो, आणि फुलं वेचणाऱ्या बायका तुमच्या आधी उठलेल्या असतात. त्यांच्या टोपलीचा फोटो घेताना ‘काय निवांत आयुष्य’ असं म्हणावं, हलक्या आवाजात.

गाडीबद्दल मात्र चेष्टा नको. टायरच्या कडेला ‘डॉट’ (DOT) या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही शाबूत दिसो, रबर कडक झालेलं असतं. या प्रवासाला ते टायर नेऊ नका. शहरातली स्टेपनी हमखास निम्म्या हवेवर असते, कारण तिच्याकडे कोणी बघत नाही. तिच्यात नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त भरा, हवा पडून राहून कमी होतेच. टायर ट्यूबलेस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. खिळ्याचं भोक प्लगनं बुजतं, पण खड्ड्याच्या धारेवर आपटून टायरच्या बाजूला फुगा आला तर आतल्या दोऱ्या तुटलेल्या असतात, तिथे पंक्चरवाल्याचं काही चालत नाही. चाक काढायची वेळ आलीच तर नट आधी अर्धा फेरा सैल करा आणि मग जॅक लावा. उलट केलंत तर चाक हवेत गरगर फिरतं आणि बघ्यांत एक तरी मुलगा हे आधीच जाणणारा असतो.

गडचिरोलीच्या दक्षिण टोकाकडे निघाला असाल तर आलापल्लीला टाकी पूर्ण भरा, काटा अर्ध्यावर असला तरी. तिथून रेपनपल्ली, जिमलगट्ट्यावरून सिरोंचा सुमारे १०० किलोमीटर, भामरागड दुसऱ्या फाट्यानं साठ-पासष्ट. नकाशाचं अॅप सांगेल ती वेळ खरी धरू नका. ऑफलाईन नकाशा घरूनच उतरवून घ्या. एटापल्लीच्या बाजूनं सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक सुरू असतात. त्यांच्या मागे लागलात तर काचा वर, एसी आतल्या हवेवर आणि अंतर एवढं ठेवा की पुढचा खड्डा दिसेल. लाल धुळीत खड्डा दिसत नाही, तो आधी बसतो आणि मग कळतो. घरी आल्यावर एअर फिल्टर काढून बघा, त्या भागाची खरी खूण तुमच्याकडे तेवढीच राहील. अंधारात प्रवास नको. ठाणी, हेलिपॅड आणि जवानांचे फोटो नकोत, तिथे ‘मी इथलाच’ हे ओळखपत्र चालत नाही. डासांचं मलम घ्या, मच्छरदाणी घ्या, आणि परतल्यावर काही आठवड्यांत, अगदी काही महिन्यांनीही ताप आला तर डॉक्टरांना कुठे गेला होतात ते सांगा. गडचिरोलीचा मलेरिया आठवणींसारखा उशिरा उसळतो.

आणि रस्ता चांगला लागला तर? ही शक्यता गृहीत धरा, आता पुष्कळ ठिकाणी ती खरी ठरते. एकदम पांढरे पट्टे, रुंद पूल, सूचनाफलक. अशा वेळी गाडी बाजूला घ्यावी, खाली उतरावं आणि ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ असं म्हणावं. सिरोंच्याला आता प्राणहितेवर पूल आहे, गोदावरीवरही आहे. पूर्वी नावेनं जावं लागे. नावेतून जाताना किती छान वाटायचं, हे पुलावर उभं राहून तिथल्याच कोणाला तरी ऐकवा. तो मान हलवेल. त्याच नावेतून तो आजारी बाप घेऊन गेला होता, हे तो सांगणार नाही; पाहुण्याला असं सांगायचं नसतं. मोबाईलचा टॉवर दिसला तर ‘इथेही पोचलं का हे’ म्हणून हळहळा आणि लगेच त्याच टॉवरवरून हळहळीचा व्हिडिओ चढवा.

मुक्कामाला सार्वजनिक बांधकाम खात्याचं विश्रामगृह हवंच. लहानपणी तिथल्या खानसाम्यानं तुम्हाला ऑम्लेट दिलेलं असतं. आरक्षण खात्याकडून आधी घ्यावं लागतं आणि दौऱ्यावरचे मंत्री-अधिकारी आले की ते रद्द होतं. तोच नियम तेव्हाही होता. फरक एवढाच की तेव्हा ज्यांच्यासाठी दुसऱ्याला उठवत ते तुम्ही होता. खासगी लॉजची एक खोली मनात धरून ठेवा.

क्वार्टर शोधणं सोपं असतं, सापडणं अवघड. बरीचशी ‘निर्लेखित’ झालेली असतात, म्हणजे कागदावरून पुसलेली. भिंती उभ्या असतात, कौलं गेलेली असतात आणि आत बेशरमाची झुडपं. वापरात असेल तर तिथे कोणी कनिष्ठ लिपिक सहकुटुंब राहत असतो. त्याच्या बायकोला दार वाजवून ‘या खोलीत माझा पाळणा होता’ असं सांगाल तर ती आधी नवऱ्याला फोन लावेल. शक्यतो सुट्टीच्या दिवशी, अकराच्या पुढे, आधी हाक मारून जा. आत गेल्यावर पहिला उद्गार ठरलेला: ‘एवढंसं अंगण?’ अंगण तेवढंच आहे. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंचीवर असतात. जुनं अंगण बघायचं असेल तर उकिडवे बसा. गुडघ्यांनी परवानगी दिली नाही, तर ते अंगण गेलं असं समजा. त्या बाईला छताची गळती दाखवायची असते, तुम्हाला खिडकी बघायची असते. पाच मिनिटं गळती बघा. एवढं भाडं द्यायला हरकत नाही.

शाळेला शनिवारी सकाळी जावं. रविवारी कुलूप असतं आणि इतर दिवशी तुम्ही वर्ग बंद पाडता. कपडे साधे घाला. पांढरी गाडी, डोळ्यांवर गॉगल आणि हातात वही असा अवतार असेल तर मुख्याध्यापक तुम्हाला तपासणीला आलेले साहेब समजतात आणि पोषण आहाराची नोंदवही आधी पुढे करतात. जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या मोठ्या वहीत, तुमचं नाव शोधायला दाखल्यावरचा रजिस्टर क्रमांक लागतो, तो घरून टिपून न्या; नाही तर चाळताना जीर्ण पानं तुमच्याच हातून फाटतील. त्या पानावर तुमच्या नावापुढे शाळा सोडण्याचं कारण लिहिलेलं असेल: ‘वडिलांची बदली’. तुमच्या वर आणि खाली ज्या मुलांची नावं आहेत, त्यांतल्या कित्येकांपुढे ‘सतत गैरहजर’ असतं. रजिस्टरचा फोटो काढताना चौकट जरा लहान धरा.

भाषेचं काय? माडिया, गोंडी, मेळघाटात कोरकू, सिरोंच्याला तेलुगू. तुम्हाला यातले तीन शब्द येतात आणि त्यांतला एक शिवी असतो. तो नेमका कोणता हे नक्की झाल्याशिवाय प्रेमानं वापरू नका.

सगळ्यात अवघड भेट शिपायाची. त्याला घरातली सगळी, अगदी तुमच्यासारखं पाच वर्षांचं पोरही, अरे-तुरे करत होती. आता तो ऐंशीचा आहे आणि तोंडातून ‘अहो’ निघता निघत नाही. निघालं पाहिजे; गाडीत दोनदा म्हणून बघा. त्याच्यासाठी शाल नेऊ नका, असलीच तर औषधाच्या दुकानाची उधारी विचारा. तुम्ही म्हणाल, इथल्या पाण्याला काय चव होती! तो म्हणेल, हो, नदीवरनं मीच आणत होतो ना, दोन खेपा सकाळी, दोन संध्याकाळी, साहेबांकडे पाहुणे असले की सहा. यावर काही बोलू नये, मुलांची चौकशी करावी. मुलगा पुण्याला कंपनीत रखवालदार आहे असं कळेल. तिथे त्यालाही गावची आठवण येते, पण त्याची सुट्टी अशी मंजूर होत नाही.

निघताना चार माणसं गाडीभोवती जमतील. पंचायत समितीतला कोणी, एखादा सरपंच, एखादी आशाताई. तुमचं कौतुक ऐकून घेतल्यावर ते मुद्द्यावर येतील: साहेब, तुमची मंत्रालयात ओळख असेल तर बघा, आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा रिकामी आहे. ऑर्डर निघते, पण माणूस हजर होत नाही. झालाच तर महिन्याभरात आईच्या संधिवाताचं सर्टिफिकेट लावतो. यावर ‘बघतो’ म्हणायचं असतं. फोन नंबर मागतील, तो द्या, त्यांचाही सेव्ह करा आणि नावापुढे गावाचं नाव लिहा, म्हणजे पुढच्या आठवड्यात रिंग वाजली की उचलायचा की नाही ते लगेच कळेल.