आयटी आणि आयटीआय

ताईचा मुलगा गेल्या वर्षी कराडजवळच्या एका कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअर झाला. पुण्याच्या एका कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे, वर्षाला साडेतीन लाख. रुजू कधी व्हायचं ती मेल मात्र सात महिने झाले तरी आलेली नाही. मी २०११ साली हिंजवडीत लागलो तेव्हा मला सव्वातीन मिळत होते. मधल्या काळात वडापावचं काय झालं ते आपल्याला माहीतच आहे.

आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून दर रविवारी जुंपते. एका गटाचं म्हणणं, पोरांना कष्ट नकोत. तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं इन्फोसिसचे नारायण मूर्ती २०२३ मध्ये म्हणाले होते, ते तिथे जाऊन थांबतात. दुसरा गट कंपन्यांच्या नावाने बोटं मोडतो. मग कोणीतरी मला टॅग करतं, ‘तू सांग रे, जर्मनीत कसं असतं.’ त्यांना काय ऐकायचंय ते मला ठाऊक आहे. पाचला लॅपटॉप बंद, वर्षाला तीस दिवस सुट्टी. खरंच आहे ते. पण मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि ती सांगितली की ग्रुप गप्प होतो.

न्यूर्नबर्गमधल्या आमच्या ऑफिसात माझ्या समोर अठरा वर्षांचा एक मुलगा बसतो. कॉलेजचं तोंड त्याने पाहिलेलं नाही. दहावी झाली आणि आमच्या कंपनीशी तीन वर्षांचा करार करून तो ‘आउसबिल्डुंग’ला, म्हणजे काम करत शिकण्याच्या अभ्यासक्रमाला, लागला. काही दिवस सरकारी व्यवसायशाळेत, बाकीचे आमच्याकडे, महिन्याला हजार युरोच्या आसपास हातात. हा आयटीतला अभ्यासक्रम इथे १९९७ सालापासून आहे. शुक्रवारी दुपारी तो आपली नोंदवही भरतो: सोमवारी स्विच बसवला, मंगळवारी बॅकअप परत लावून बघितला, बुधवारी फायरवॉलचा नियम चुकला, का चुकला. त्याखाली माझ्या सहकाऱ्याची सही लागते, आणि ती सही करण्याआधी सहकाऱ्याला शिकवण्याची परीक्षा द्यावी लागली आहे. पोरगा काही शिकला नाही, तर प्रश्न आधी त्या सहकाऱ्याला विचारतात. शेवटी पोराला चाळीस तासांचं खरं काम करून, ते उद्योग-व्यापार मंडळाच्या परीक्षकांपुढे मांडून, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आहेत.

मला आठवतं ते माझं पहिलं वर्ष. दहावी, बारावी, इंजिनिअरिंग सगळीकडे ६० टक्के, एकही विषय राहिलेला नाही, म्हणून निवड झाली. तीन महिने जावा शिकवलं. मग चार महिने बेंचवर, म्हणजे कामाविना बसून. मग प्रोजेक्ट मिळालं ते मेनफ्रेमच्या, म्हणजे जुन्या धाटणीच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या, सपोर्टचं, रात्रपाळीचं. तीन दिवसांत कामाची माहिती देऊन (त्याला केटी म्हणतात) आधीचा मुलगा निघून गेला, त्याने आधीच राजीनामा दिला होता. त्या खुर्चीत मी जे शिकलो ते घाबरत, गुगल करत. माझ्या शिकण्याची जबाबदारी कोणाची, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. अप्रेझलच्या कागदावर माझं नाव तेवढं होतं.

म्हणून मी ग्रुपवर लिहितो की आपल्याकडे आयटी म्हटलं की पेढे वाटतात आणि आयटीआय म्हटलं की नाकं मुरडतात, इथे मात्र आयटीत येणाऱ्या कितीतरी जणांची वाट आयटीआयसारखीच आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा आपल्याकडे १९६१ पासून आहे. आयटीआयमध्ये ‘कोपा’ नावाचा कॉम्प्युटरचा एक वर्षाचा ट्रेडही आहे. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीने तमिळनाडूत शाळा संपलेल्या मुलांना शिकवून कामावर घेतलं, एचसीएलही बारावीनंतर घेते. पण आपल्या घरात हे ‘इंजिनिअरिंगला नंबर नाही लागला तर’ या रकान्यातलं. गंमत म्हणजे नोव्हेंबर २०२३ पासून जर्मनीच्या ब्लू कार्डलाही, म्हणजे परदेशी कुशल माणसांच्या कामाच्या परवान्यालाही, आयटीवाल्यांची पदवी अनिवार्य राहिलेली नाही. गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा त्या तोडीचा अनुभव आणि ठरलेला किमान पगार असला तर चालतं. पदवी मागणारी मंडळी आता आपल्या विवाहमंडळातच जास्त सापडतील.

आता दुसरी बाजू, नाहीतर ताई म्हणेल हा तिकडचाच झाला. पुण्यात सव्विसाव्या वर्षी मी नऊ जणांची टीम सांभाळत होतो. इथे चाळिशीला आलो तरी तेवढं कोणी हातात देत नाही, आणि द्यायचं झालं तर आधी जर्मन विचारतात. टीमच्या रोजच्या स्टँडअप मीटिंगमधला विनोद मला अजून अर्धा सेकंद उशिरा कळतो. नोटिस पीरियडवरून तिकडे एवढा गदारोळ, पण माझ्या करारातही तीन महिनेच आहेत. फरक एवढाच की कंपनीलाही मला तेवढीच मुदत द्यावी लागते, आणि प्रोबेशन संपल्यावर कारणही. पन्नाशीचा माणूस इथे खुशाल कोड लिहीत बसतो, अजून मॅनेजर कसा नाही असं त्याला कोणी विचारत नाही. हे मला फार आवडतं. माझ्या आईला अजिबात नाही.

भाच्याला मी फोनवर सांगितलं, मेलची वाट बघत बसू नको, पॅकेज कमी असलं तरी शेजारी बसवून शिकवणारं कोणी असेल अशी छोटी कंपनी बघ, इंटरव्ह्यूत थेट विचार, ‘माझा कोड कोण तपासणार?’ त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘मामा, सईला पाठवशील का तू त्या आउसबिल्डुंगला?’

सई माझी मुलगी, चौथीत आहे. आमच्या बायर्न राज्यात मे महिन्यात चौथीच्या मुलांना जे प्रगतिपुस्तक मिळतं, त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासाची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली (इथे १ सगळ्यात चांगला, आकडा वाढला की वाईट) असली तरच गिम्नाझियमचा, म्हणजे पुढे विद्यापीठाचा, सरळ रस्ता उघडतो. आमच्या गणेशोत्सवात जमणाऱ्या मराठी आईबापांना हा आकडा आरतीसारखा पाठ आहे. मलाही आहे. तिला गणितात २ आहेत, जर्मनमध्ये ३. गेल्या महिन्यापासून बुधवारी आणि शनिवारी तिला जर्मनची शिकवणी लावली आहे.

भाच्याला म्हटलं, रेंज जातेय, नंतर बोलू.