'गोळ्या सोडा, विश्वास धरा' म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

जालना, बीड, परभणीकडच्या ख्रिस्ती प्रार्थनागटांत सध्या एक मजकूर मोबाइलवरून फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: महारोग हा पापाचा शाप. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला नुसता हात लावून बरे केले, वैद्याकडे धाडले नाही. म्हणून ज्याचा विश्वास पक्का त्याने सरकारी गोळ्या सोडाव्यात. जो बरा होत नाही त्याच्या विश्वासात खोट आहे. जुन्या मिशनरींनीही केवळ प्रार्थनेनेच रोगी बरे केले. आणि बरा होईपर्यंत रोग्याने उपासनेत वेगळे बसावे, प्रभुभोजनाच्या प्याल्याला तोंड लावू नये, कारण नियमशास्त्रात, म्हणजे मोशेच्या नियमांत, तसे लिहिले आहे. मग नेहमीचे शेपूट: दहा जणांना पाठवा.

प्रार्थनेने माणूस बरा होऊ शकतो यावर माझा विश्वास आहे. तेव्हा हे उत्तर बाहेरच्या कुणाचे नाही, त्याच सतरंजीवर बसणाऱ्याचे आहे.

'महारोग हा पापाचा शाप'

मजकुरात मिर्याम, गेहजी आणि उज्जीया राजा अशी बायबलमधली तीन नावे दिली आहेत. तिघांनाही अपराधानंतर कुष्ठ फुटले, हे खरे. पण गेहजीची गोष्ट ज्या अध्यायात आहे, म्हणजे राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्यात, त्याची सुरुवात नामानापासून होते. हा अरामाचा सेनापती. शूर माणूस, परमेश्वराने त्याच्या हातून जय दिला असे शास्त्रच सांगते. आणि तो कुष्ठरोगी होता. कोणत्या पापामुळे? त्याबद्दल एक अक्षर नाही. तिघांवरून सगळ्या रोग्यांचा नियम काढायचा आणि त्याच पानावरचा चौथा माणूस गाळायचा, याला मी तरी शास्त्र वाचणे म्हणणार नाही. जन्मांधाला पाहून शिष्यांनी हेच विचारले होते, पाप कुणाचे, याचे की आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले (योहान ९). शिलोहाचा बुरूज अंगावर पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा जास्त पापी होते असे समजू नका, हेही त्याचेच (लूक १३).

शिवाय लेवीय या नियमांच्या पुस्तकाच्या तेराव्या-चौदाव्या अध्यायांतला चट्टा कपड्यावर आणि घराच्या भिंतीवरही पडतो. ज्याची गोळी आज आरोग्य केंद्रात मिळते तो रोग भिंतीला होत नाही. तो जंतूने होतो, आणि नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ मध्ये तो जंतू शोधला. बहुतेकांच्या अंगात त्याला परतवण्याची ताकद उपजतच असते, थोड्यांच्या अंगात नसते. जंतू शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीससुद्धा. एवढ्या वर्षांतले नेमके कोणते पाप हुडकणार?

'प्रभूने वैद्याकडे धाडले नाही'

इथे लिहिणाऱ्याने मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय मध्येच मिटला आहे. येशूला कळवळा आला, त्याने हात पुढे करून स्पर्श केला, 'माझी इच्छा आहे, शुद्ध हो' म्हणाला, इथवर ठीक. पुढे तो त्या माणसाला सक्त ताकीद देतो की कुणाला सांगत बसू नकोस, जाऊन याजकाला दाखव. याजक काय करायचा ते लेवीयमध्ये आहे. चट्टा कातडीच्या खाली खोल गेलेला दिसतो का, त्यातले केस पांढरे पडलेत का हे पाहायचा. शंका असेल तर सात दिवस थांबून पुन्हा पाहायचा, मग आणखी सात दिवस. त्या काळी अंग तपासून निकाल देणारा माणूस तोच होता. खुद्द प्रभूने बरे केलेल्या माणसालाही तपासणी चुकली नाही, आणि बोभाटा तर त्याला नकोच होता. आपल्या महासभांत माइक आधी हातात येतो, साक्ष आधी होते, आणि तपासणीचे नावच निघत नाही.

रक्तस्रावाच्या स्त्रीचा दाखलाही मजकुरात आहे. बारा वर्षे वैद्यांच्या हातून हाल झाले, होते नव्हते ते खर्चून बसली. त्यावरून वैद्य लुबाडू शकतो एवढे सिद्ध होते, आणि ते कळायला आपल्या भागात कुणाला बायबल उघडावे लागत नाही. कुष्ठरोगाचे औषध मात्र फुकट आहे.

बाकीचे दाखले भराभर सांगतो. हिज्कीया राजा मरायला टेकला तेव्हा यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांची चांदकी बांधायला लावली. शोमरोन्याने जखमी माणसाच्या घावांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, उतारशाळेत नेले, पदरचे पैसे दिले. प्रेषित पौलाने आपल्या तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिले, आणि पौलाच्या सोबत्यांत लूक हा वैद्य होता.

याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. करावीच. पण तिथे वडील रोग्याच्या घरी जातात. रोग्याला मंचावर उभे करत नाहीत. आणि औषध फेकून दे असे त्यात कुठेही नाही.

'जो बरा होत नाही त्याच्या विश्वासात खोट'

लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी आहेत. दहाही शुद्ध झाले. परत येऊन पाया पडला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. विश्वासाने तुला बरे केले हे वाक्य त्या एकालाच ऐकायला मिळाले, पण उरलेल्या नऊ जणांचे चट्टे काही परत आले नाहीत. बेथेस्दाच्या तळ्याकाठचा अडतीस वर्षे आजारी असलेला रोगी तर आपल्याला बरे करणारा कोण हेही ओळखत नव्हता. उलट पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही; सोबती त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी सोडले. या दोघांच्या विश्वासाला खोट लावायची कुणाची हिंमत आहे?

पक्षाघाती माणसाला छप्पर उकलून खाली सोडले, तेव्हा प्रभूने विश्वास पाहिला तो खाटले धरणाऱ्यांचा. तेव्हा विश्वास मोजायचाच असेल तर रोग्याला गाडीवर मागे बसवून आरोग्य केंद्रात कोण नेतो, तिथून मोजणी सुरू करावी.

आता साक्षींबद्दल. 'गोळ्या सोडून चार महिने झाले, प्रभूच्या कृपेने काही त्रास नाही', अशी साक्ष मजकुराखाली जोडलेली आहे. सांगणारा खोटे बोलतो असे मी म्हणत नाही. त्याला खरोखरच काही जाणवत नसेल. पण हा रोग तसाच आहे. जंतू कातडीत आणि नसांत बसतो, चट्टा फिकट किंवा लालसर होतो, आणि तिथे टोचलेले कळत नाही. खाजत नाही, दुखत नाही. भाकरी उलटताना तवा बोटांना भाजतो ते फोड आल्यावर समजते. पायातली चप्पल वाटेत निसटते आणि माणूस तसाच पुढे चालत राहतो. कोपरामागची नस जाड होते, करंगळी वाकू लागते, तीही हळूहळू. ताप उतरला की नाही हे घरच्यांना हात लावून कळते. इथे गुण आला की रोग आत सरकला हे रोग्याला स्वतःला सांगता येत नाही. ज्या रोगात दुखत नाही हेच लक्षण आहे, त्यात 'दुखत नाही' या साक्षीला किंमत किती द्यायची?

गोळ्या सुटण्याची खरी कारणे पुष्कळदा विश्वासाची नसतातच. पाकिटातल्या क्लोफॅझिमिन या औषधाने कातडी काळपट पडते, लग्नाच्या मुलीला ते सोसत नाही. रिफॅम्पिसिन या दुसऱ्या औषधाने लघवी लालसर होते आणि माणूस घाबरतो. मध्येच नसांना सूज येऊन अंग तापते आणि औषधच बाधले असे वाटते. यातले एकही गोळ्या सोडण्याचे कारण नाही. रंग औषध संपल्यावर हळूहळू निवळतो, सुजेवर वेगळे औषध मिळते, पण त्यासाठी आरोग्य सेविकेला सांगावे लागते. नेमक्या त्या दिवसांत हा मजकूर येतो आणि घाबरलेल्या माणसाला पळवाट नव्हे, चक्क पुण्य देऊ करतो. माझा राग आहे तो यावर.

'मिशनरींनी प्रार्थनेनेच बरे केले'

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा त्याच राज्यात डिचपल्ली होते. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गाने नांदेडच्या पुढे निजामाबाद ओलांडले की लागते. तिथे इसाबेल केर या स्कॉटिश डॉक्टरबाईंनी मेथडिस्ट मिशनतर्फे १९१५ च्या सुमारास कुष्ठरुग्णालय उभारले; राजा नरसा गौड यांनी देणगी दिली. तिथे प्रार्थना होत असे आणि चालमोग्रा तेलाची दुखरी इंजेक्शनेही दिली जात. आपल्याकडच्या कडू कवठाच्याच जातीचे ते तेल. पुढे १९४० च्या दशकात डॅप्सोन हे औषध आले. भारतात ते रोग्यांवर आधी वापरणाऱ्यांत रॉबर्ट कॉक्रेन होते, तेही मिशनरी डॉक्टर. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी वाकडी बोटे शस्त्रक्रियेने सरळ केली आणि बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत, बधिर हाताला लागलेले कळत नाही म्हणून जखमांनी जातात, हे दाखवून दिले. एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. तीच आजची पाकिटे: सौम्य रोगाला सहा महिने, जास्त पसरलेल्याला बारा. या लोकांच्या नावावर गोळ्या सोडा म्हणणे हा त्यांचा अपमान आहे.

'वेगळे बसावे'

गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत रोग पसरवण्याची ताकद संपते. तो पसरतो तो उपचार न घेतलेल्या रोग्याच्या नाकातोंडातून, दीर्घ सहवासात. म्हणजे मजकूर ज्याला गोळ्या सोडायला लावतो, त्याच्यापासूनच घरच्या पोरांना धोका वाढवतो आणि वर त्यालाच वेगळी सतरंजी देतो. प्रभू बेथानीत कुष्ठरोगी शिमोनाच्या घरी जेवायला बसला होता. मार्कच्या पहिल्या अध्यायाची शेवटची ओळही पाहावी: ज्याला स्पर्श केला तो माणूस गावभर बोलत फिरला, आणि येशूलाच गावात उघड जाता येईना, तो बाहेर ओसाड जागी राहिला.

आपण मराठवाड्यातले ख्रिस्ती, मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले तेव्हापासूनचे. आपल्यातल्या पुष्कळांचे पणजोबा गावकुसाबाहेर राहत होते. पाणवठा वेगळा, पंगत वेगळी. वेगळे बसवणे म्हणजे काय हे आपल्याला लेवीयवरून शिकावे लागत नाही. कुष्ठरोग्यांना कोंडणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातूनही कुष्ठरोगाचे कारण २०१९ मध्ये वगळले गेले. संसदेने उघडलेले दार प्रार्थनागटाने लावून घ्यायचे, हे मला तरी मान्य नाही.

दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतील आणि घरे चार-पाच महिने बंद राहतील. मंडळीत कुणाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगून पुढच्या महिन्यांच्या पाकिटांची आणि फडाजवळच्या केंद्राची चौकशी करावी. या मजकुरामुळे ज्यांनी गोळ्या सोडल्या असतील त्यांनी उरलेले पाकीट आणि कार्ड घेऊन जावे आणि कधीपासून सोडल्या ते खरे सांगावे. पुढे किती महिने घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतील. सोबत पाळकसाहेब गेले तर उत्तमच. प्रार्थना तिथल्या बाकड्यावरही करता येते.